आधी विचारा, काम काय करता?

(आपल्या रेडिओवर झालेलं हे बोलणं, मैत्रिणींच्या आग्रहावरून इथे छापत आहोत.)

मैत्रिणींनो, कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, कुणी शिलाईच्या मशीनवर असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आजची गोष्ट माझ्या धाकट्या जावेपासून सुरू होते आणि तिथून तीनशे वर्षं मागे जाते. जावेनं बचत गटातून कर्ज काढून तालुक्याच्या गावी पार्लर टाकलं. दोन वर्षं छान चाललं. तिसऱ्या वर्षी तिला रात्री खोकला सुरू झाला. दोन-तीन वाजता उठून बसायची, छातीत मांजर गुरगुरावं तसा आवाज. सासूबाई म्हणाल्या, फ्रीजचं पाणी पितेस म्हणून. दीर म्हणाले, रस्त्याची धूळ. डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा तेच.

दिवाळीला आठ दिवस माहेरी गेली तर एकदाही खोकली नाही. परत येऊन दुकान उघडलं आणि दुसऱ्याच रात्री छाती भरली. म्हणाली, “जाऊबाई, मला माहेरच मानवतं बघा.” आम्ही सगळ्या हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते, कारण ती खरं तेच सांगत होती. फक्त दोष सासरचा नव्हता, कामातल्या एका डब्याचा होता. केसांचा रंग उडवायची जी पावडर असते ना, ती. हे कळायला दीड वर्ष गेलं, कारण तोपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं, की बाई, तू दिवसभर करतेस काय?

हा प्रश्न विचारायला हवा, हे तीनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं लिहून ठेवलंय. त्याचं नाव बर्नार्दिनो रामाझिनी. इटलीतल्या मोदेना भागातला. त्याच्या घरचा शौचकूप उपसायला एक माणूस आला होता. तो इतक्या घाईनं काम करत होता, की रामाझिनीनं त्याला थांबून कारण विचारलं. तेव्हा कळलं, की फार वेळ खाली राहिलं तर डोळे जातात अशी त्या लोकांना भीती असते. रामाझिनीच्या मनात ते घर करून राहिलं. मग तो कारागिरांच्या दुकानांत, कामाच्या जागी जाऊन पाहू लागला. १७०० साली त्यानं कामधंद्यांमुळे होणाऱ्या आजारांवर पुस्तक काढलं. १७१३ साली ते वाढवून पुन्हा छापलं. त्यात खाणकामगार आहेत, कुंभार आहेत, तसंच कपडे धुणाऱ्या बाया आणि सुईणीही आहेत. तीनशे वर्षांपूर्वी बायकांच्या कामाला काम म्हणून मोजणारा हा माणूस.

त्यात पिठाचं काम करणारे आणि धान्य चाळणारेही आहेत. पीठ उडतं, श्वासातून आत जातं, खोकला लागतो, धाप लागते, हे त्यानं पाहिलं होतं. आणि डॉक्टरांना त्यानं सांगितलं, की रोग्याला जे जे प्रश्न विचारायची जुनी रीत आहे त्यात आणखी एका प्रश्नाची भर घाला : काम काय करता?

प्रश्न साधा आहे, पण त्यात एक अडचण आहे. हा प्रश्न माणूस आजारी पडल्यावर विचारला जातो. आणि पुढची अडीचशे वर्षं असंच चाललं. आधी कामगारांची छाती बिघडायची, मग कळायचं, की अमुक वस्तू वाईट. दोन-तीन उदाहरणं देते.

प्लॅटिनम हा सोन्यासारखाच महाग धातू. त्याच्या अंगठ्या करतात, त्यानं कुणाला काही होत नाही. पण त्याच धातूपासून बनवलेले काही क्षार फोटोच्या कागदासाठी वापरायचे. ते हाताळणाऱ्या अमेरिकेतल्या शिकागोच्या कामगारांना शिंका आणि धाप लागते, हे १९११ साली नोंदवलं गेलं. पुढे १९४५ साली इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी प्लॅटिनम शुद्ध करण्याच्या कारखान्यांतले ९१ कामगार तपासले. त्यांपैकी ५२ जणांना हा त्रास निघाला. म्हणजे निम्म्याहून जास्त. पहिली नोंद आणि ही तपासणी यांच्यात ३४ वर्षं गेली होती.

दुसरं उदाहरण आपल्या गादीतलं. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर या शास्त्रज्ञानं पॉलियुरेथेन शोधलं. त्यापासून फोमच्या गाद्या होतात, गाडीचे रंग होतात, चकचकीत व्हार्निश होतं. ते बनवायला आयसोसायनेट नावाची रसायनं लागतात. १९५१ साली फ्रान्समध्ये कामगारांना त्यातल्या एका रसायनानं दमा झाल्याची नोंद झाली. तयार गादीवर झोपणाऱ्याला ही भीती नाही. ती बनवणाऱ्याला आहे, गाडीला रंग फवारणाऱ्याला आहे.

तिसरं, कपडे धुण्याची पावडर. डाग निघावेत म्हणून साबणवाल्यांनी त्यात जंतूंपासून काढलेली एन्झाइम्स घालायला सुरुवात केली. आपल्या पोटात अन्न पचवतात ना, त्याच जातीची प्रथिनं. १९६९ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं लिहिलं, की ही पावडर बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना दमा होतोय. इथे मात्र उपाय लवकर निघाला. एन्झाइमची भुकटी उडू नये म्हणून तिचे लेप दिलेले दाणे करायला लागले, हवेतली धूळ मोजायला लागले. वस्तू तीच राहिली, फक्त उडायची थांबली, आणि आजार खूप कमी झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता तुम्ही म्हणाल, एखादी वस्तू वाईट आहे हे कळायला इतकी वर्षं का लागावीत? मिरची कांडायला बसलं की लगेच ठसका लागतो, तसं लगेच का नाही कळत?

कारण ठसका वेगळा आणि वावडं वेगळं. मिरचीचा ठसका सगळ्यांना लागतो, पहिल्याच दिवशी लागतो, बाहेर आलं की जातो. कामाच्या जागचा दमा बहुतेक वेळा वावड्यासारखा येतो. पहिले काही आठवडे, महिने, कधी काही वर्षंसुद्धा काहीच होत नाही. शरीर आतल्या आत त्या वस्तूची ओळख पटवत असतं आणि तिला शत्रू ठरवत असतं. एकदा का ठरवलं, की मग चिमूटभरही पुरते. सोबत काम करणाऱ्या दहा जणींना काही होत नाही, अकरावीला होतं. त्यात पुन्हा त्रास कधी कामाच्या जागी न होता घरी आल्यावर, रात्री होतो. मग दोष कुणाला? फ्रीजच्या पाण्याला. माझ्या जावेचं अगदी असंच झालं.

अशा वावड्याच्या वस्तूंचे ढोबळ दोन गट आहेत. एक मोठ्या आकाराच्या वस्तू, म्हणजे गव्हाच्या पिठातली प्रथिनं, धान्याची धूळ. त्या एवढ्या मोठ्या असतात, की शरीर त्यांना स्वतःहून ओळखतं. दुसरा गट लहान रसायनांचा. ती इतकी बारीक, की एकटी असली तर शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसतसुद्धा नाहीत. मग त्यांचं वावडं येतंच कसं?

याचं उत्तर शोधणाऱ्यांत कार्ल लँडस्टायनर होता. आपल्या रक्ताचे गट शोधले तोच हा शास्त्रज्ञ. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यानं एका सहकाऱ्यासोबत गिनीपिगच्या कातडीवर लहान रसायनांचे प्रयोग केले. दिसलं असं, की जी रसायनं दुसऱ्या पदार्थाला पटकन चिकटतात, त्यांचंच वावडं येतं. ती शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. आपलं प्रथिन आणि त्याला लागलेलं परकं शेपूट, असं ते जोडरूप पहारेकऱ्याला परकं वाटतं. कुसळ धोतराला चिकटून घरात येतं, तसं समजा. हा कातडीचा अभ्यास होता, छातीचा नव्हता. पण धागा हाती लागला : चिकटण्याचा गुण बघा.

पुढचं काम होतं खात्रीचं. दमा आहे हे खरं, पण तो याच वस्तूनं झाला हे कसं ठरवायचं? १९५९ साली इंग्लंडमध्ये राइट नावाच्या डॉक्टरनं फुंकर मोजायचं यंत्र आणलं. पुढे त्याची हातात धरायची छोटी नळी झाली, तीच पीक फ्लो मीटर. जोरात फुंकायचं आणि आकडा लिहायचा. शेरवूड बर्ज या डॉक्टरनं १९७० च्या दशकात सोल्डरिंग करणाऱ्या कामगारांना दिवसातून पुन्हा पुन्हा फुंकून आकडा लिहायला लावला, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही. सोल्डरिंगमध्ये जी राळ वापरतात, पाइनच्या झाडाची, तिचा धूर छातीला लागत होता. कामाच्या दिवसांत आकडा उतरतोय, सुट्टीत चढतोय, हे कागदावर स्वच्छ दिसलं.

लंडनच्या ब्रॉम्प्टन इस्पितळात जॅक पेपिस यांनी आणखी एक रीत काढली. कामगाराला इस्पितळात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लहानशा खोलीत बसवून त्याचंच काम थोडा वेळ करायला सांगायचं. व्हार्निशवाला असेल तर त्यानं व्हार्निश लावायचं. पावडरवाल्याला पावडर दुसऱ्या साध्या पावडरीत मिसळून एका ताटातून दुसऱ्या ताटात ओतायला लावायचं, आपण सुपातून पाखडतो ना, तसंच. मग दिवसभर, रात्रीपर्यंत, छाती मोजत राहायचं. ही तपासणी जोखमीची आहे, घरी कुणी करून बघायची नाही. पण तिच्यामुळे रसायनांची यादी पक्की होत गेली.

आणि ऐका, १९७६ साली पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केस सजवणाऱ्यांचा अभ्यास छापला. त्यात दम्याचं कारण म्हणून दोन वस्तू आल्या. एक, रंग उडवायच्या पावडरीतले परसल्फेट नावाचे क्षार. दुसरी, मेंदीची पूड. १९७६ साली! माझी जाऊ तेव्हा जन्मलीही नव्हती. जिच्यामुळे तिची रात्रीची झोप उडाली, त्या पावडरीचं नाव तिच्या जन्माआधीच कागदावर आलेलं होतं. तालुक्याच्या गावातल्या पार्लरपर्यंत ते पोचलं नाही, एवढंच.

आता येते खरी मोठी उडी. दरवर्षी नवी रसायनं निघतात. प्रत्येकाला माणसावर आजमावून बघत बसायचं का? की रसायनाची ठेवण बघूनच आधी सांगता येईल, की हे छातीला घातक ठरू शकतं?

ब्रिटनमधले रेमंड अॅजियस आणि त्यांचे सहकारी या प्रश्नामागे लागले. १९९१ पासून त्यांचं त्यावर लिखाण आहे. २००५ साली त्यांनी एक हिशोब मांडला. १९९५ पूर्वी ज्यांनी दमा होतो असं छापून आलं होतं, अशी ७८ लहान रसायनं त्यांनी घेतली. दुसऱ्या बाजूला ३०१ रसायनं घेतली, जी कामगार हाताळतात पण ज्यांच्यामुळे दमा झाल्याची नोंद नव्हती. मग दोन्हींच्या ठेवणीची तुलना केली. आपण दोन तऱ्हेच्या बियाणांच्या राशी शेजारी ठेवून फरक शोधतो, तशी.

फरक निघाला तो असा. रसायनाच्या रेणूला काही हात असतात, ज्यांनी तो दुसऱ्याला धरतो. आयसोसायनेट हा असा एक हात, अमीन हा दुसरा, ॲनहायड्राइड हा आणखी एक. असे हात असलेली रसायनं दमा करणाऱ्यांच्या राशीत जास्त होती. आणि असाच हात एका रेणूला दोन किंवा अधिक असले, तर धोका आणखी वाढत होता. आधी चिकटण्याचा गुण कळला होता, आता कळलं, की दोन बाजूंनी चिकटणारा जास्त वाईट. फोमच्या गादीचं रसायन तसंच आहे, त्याला आयसोसायनेटचे दोन हात आहेत. म्हणून त्याच्या नावात ‘डाय’ आहे, डाय म्हणजे दोन. इस्पितळात अवजारं निर्जंतुक करायला ग्लुटारअल्डिहाइड वापरतात, त्यालाही दोन हात. नर्सताईंना त्याचा दमा झालेला आहे.

इथे कुणाला भोपाळ आठवेल. १९८४ साली तिथे जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच कुळातला. पण त्याला आयसोसायनेटचा हात एकच. तिथे माणसं मेली ती विषानं, फुप्फुसं जळून, एका रात्रीत. आपण बोलतोय तो वावड्याचा दमा वेगळा, तो हळूहळू येतो. कूळ एक असलं तरी मारायची तऱ्हा वेगळी. भोपाळनंतर १९८७ साली आपल्या देशात कारखाना कायदा बदलला आणि धोक्याच्या कारखान्यांत कामगारांना रसायनांची माहिती देणं मालकावर बंधनकारक झालं. पार्लर, घरगुती उद्योग त्या कायद्याच्या बाहेरच राहिले.

तर तो हिशोब खरा ठरला का? तपासायला त्यांनी १९९५ नंतर उघड झालेली २१ नवी दमाकारक रसायनं घेतली, आणि ७७ अशी, ज्यांच्या नावावर दमा नव्हता. दमाकारकांपैकी ८६ टक्के त्या हिशोबानं बरोबर ओळखली. निर्धोकांपैकी ९९ टक्के बरोबर ओळखली. माणसाची छाती न बिघडवता, नुसत्या ठेवणीवरून! रामाझिनीनं ऐकलं असतं तर त्याला आनंद झाला असता.

पण आपण घरच्या हिशोबात दोन पैशांची चूक काढणाऱ्या बाया. इथेही तीन गोष्टी तपासून घ्या.

एक, ८६ टक्के म्हणजे २१ मधली तीन निसटली. हिशोबानं निर्धोक म्हटलं तरी डोळे मिटायचे नाहीत.

दोन, हा हिशोब फक्त लहान सेंद्रिय रसायनांचा, म्हणजे ज्यांचा पाया कार्बनचा असतो त्यांचा. पीठ त्यात बसत नाही, प्लॅटिनमचे क्षार बसत नाहीत. आणि माझ्या जावेच्या पावडरीतला परसल्फेट? तोही बसत नाही. तिला भविष्य सांगणारा हिशोब उपयोगाचा नव्हता. तिला १९७६ सालची जुनी नोंदच उपयोगाची होती, जी तिला कुणी सांगितली नाही.

तीन, आणि ही मला सर्वांत मोठी वाटते. तो हिशोब शिकला कशावरून? नोंदींवरून. ती ७८ रसायनं म्हणजे कुणाकुणाच्या छातीतून आलेली नावं आहेत. आणि दुसऱ्या राशीत जी ३०१ होती, ती निर्धोक धरली कारण त्यांच्यावर तक्रार नव्हती. आता सांगा, एखादी बाई आजारी पडली, तिला कुणी काम विचारलं नाही, तिनं घरी बसून खोकत दिवस काढले, तर तिच्या रसायनाचं काय होतं? ते निर्धोकांच्या राशीत जाऊन बसतं. बाईचं न सांगणं आणि डॉक्टरचं न विचारणं, दोन्ही मिळून एका वाईट वस्तूला चांगलेपणाचा दाखला देतात.

म्हणून आपलं सांगणं महत्त्वाचं आहे. काय करायचं ते थोडक्यात सांगते.

खोकला, धाप, छातीत आवाज, नाक गळणं असा त्रास असेल तर दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर खूण करा. काम कोणत्या दिवशी केलं, रात्र कशी गेली, सुट्टीत कसं वाटलं. गावाला गेल्यावर बरं वाटतं का, तेही लिहा. ते कॅलेंडर घेऊनच दवाखान्यात जा. पीक फ्लो मीटर मिळेल का ते विचारा. ज्या डब्यानं काम करता तो डबा, निदान त्यावरच्या नावाचा फोटो, सोबत न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा : मी अमुक काम करते. पंप मनानं बंद करू नका. धाप जास्त असेल तर खुणा करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि उशीर नको, कारण त्रास देणारी वस्तू लवकर सुटली तर छाती सुधारण्याची आशा जास्त असते. वर्षानुवर्षं चालू राहिली, तर काम सोडल्यावरही दमा मागे राहतो.

ज्यांना अजून त्रास नाही त्यांनी साबणाच्या कारखान्याची गोष्ट आठवा. वस्तू उडू देऊ नका. पिठाच्या गिरणीत झाडूनं फटके मारून झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पावडरीऐवजी न उडणारी क्रीम मिळत असेल तर ती घ्या. खिडकी उघडी ठेवा. तोंडाला पदर बांधला म्हणजे झालं, असं नाही. पदरातून बारीक धूळ आणि वाफ आरपार जाते.

माझ्या जावेनं रंग उडवायचं काम बंद केलं. त्या कामाचे पैसे चांगले होते, त्यामुळे हप्त्याची ओढाताण झाली, आणि गटानं तिला तीन महिने सांभाळून घेतलं. आता ती भुवया आणि केस कापणं एवढंच करते. रात्रीचा खोकला बराच कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. थंडीत पंप लागतोच. आम्हाला दीड वर्ष आधी कळलं असतं तर कदाचित लागला नसता.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर पाच मिनिटं काढा. ज्या कुणी खोकत असतील त्यांना फ्रीजच्या पाण्याबद्दल नंतर विचारा. आधी विचारा, अगं, तू सध्या काम काय करतेस?